पांगाऱ्याची फळी

१

दुपारी माझं दुकान बंद नसतं. शटर अर्धं खाली ओढलेलं असतं, एवढंच. रेणापूरची घरं जिथं संपतात आणि वावरं सुरू होतात, तिथं माझं सुतारकामाचं दुकान आहे. पुढं रस्ता, मागच्या दाराबाहेर रामकिशनचं वावर. सकाळी चौकटी, दिवाण, कुणाचं देवघर; दुपारी घरून आलेला डबा खायचा, बाकावर जरा पाठ टेकायची, ऊन कललं की परत रंधा हातात घ्यायचा. आमच्या अब्बांचंही असंच चालायचं.

धाकटा भाऊ अजहर मात्र या धंद्यात आला नाही. तो कोकणात समुद्रकाठी एका शाळेत कामाला आहे. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं कसं राहायचं, हे शिकवणारी शाळा. गावातले लोक अजून हसतात. ज्या गावाचे नळ आठवडा आठवडा कोरडे असतात, त्या गावचा पोरगा पाण्यावर उभं राहायला शिकवतो म्हणून.

त्याची बायको रुखसार आणि मुलगी सबिहा इकडं माझ्या घरी असतात. मला आणि हसीनाला मूलबाळ नाही, त्यामुळं सबिहा आम्हा चौघांची. पाचव्या वर्षात आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अंगणवाडीत जायला लागल्यापासून पोरगी मराठीच बोलते आणि मग आम्हीही तिच्याशी तसंच बोलतो.

समुद्र तिनं पाहिला तो बापाच्या फोनमध्ये, तळहाताएवढा. तेवढ्यावरून तिनं पोळपाटावर उभं राहून हात पसरायला सुरुवात केली होती. रुखसार वैतागली. अजहर फोनवर हसला आणि मला म्हणाला, "भाई, तू एवढा मोठा कारागीर. तिला एक लहान फळी करून दे ना. प्लॅस्टिकचं खेळणं नको. खरी."

मी हो म्हणालो. दुकानाच्या माळ्यावर पांगाऱ्याची एक जाड फळी पडून होती. रामकिशनच्या बांधावरचा पांगारा मागच्या उन्हाळ्यात उन्मळून पडला, त्याचा ओंडका चिरून ठेवला होता. पांगारा चौकटीच्या कामाचा नाही, खिळा धरत नाही. पण हलका, एका हातानं उचलावा असा.

२

इतक्या हौसेनं मी कितीतरी वर्षांत काही केलं नव्हतं. चौकट म्हणजे गुण्यात, काटकोनात असते. सरळ ते सरळ. या फळीत एक रेघ सरळ नव्हती. अजहर फोनवर सांगायचा, "नाक जरा वर उचललेलं पाहिजे. न्हाईतर पाण्यात खुपसतं. कडा गोल ठेव. खाली शेपटीकडं माशाचा असतो तसा एक पंख." मी ऐकायचो आणि रंधा चालवायचो. लाकूड अजिबात अडत नव्हतं. रेषा उलटी जाते तिथं पांगारा फाटतो, लाकडाचे तंतू केसांसारखे उभे राहतात. हा फाटला नाही. हाताखालून आकार असा निघत होता, जसा आत आधीच होता आणि मी फक्त वरचं सालपट काढतोय.

एका दुपारी पायाखाली बघितलं तेव्हा रंध्याचे छिलके जमिनीला चिकटले होते.

वाळलेल्या लाकडाचे छिलके कुरकुरीत असतात, पंख्याच्या वाऱ्यानं उडून रस्त्यापर्यंत जातात. हे जड होऊन पडले होते. एक उचलून चुरगाळला, तर बोटं ओली झाली. मे महिना होता. वर्षभर पत्र्याखाली तापलेलं लाकूड. मी बोट जिभेला लावलं. खारट.

घाम, म्हटलं. बनियनपासून कोपरापर्यंत मी भिजलोच होतो. गमछ्यानं हात पुसले, कोरडे केले, चिमट्यानं धरून एक नवा छिलका उचलला आणि पिळला.

थेंब पडला.

मग मी म्हटलं, पांगारा पाणी धरून ठेवणारं झाड. असेल पोटात ओल. काम पुढं चालू केलं, आणि खरं सांगायचं तर जास्तच आवडीनं केलं.

३

फळी तयार झाली. पॉलिशपेपर मारून तळहात फिरवला की हात आपोआप नाकाकडून शेपटीकडं वाहत जायचा. तेल पाजून मी ती दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली आणि जेवायला बसलो.

त्या वेळी तो आवाज पहिल्यांदा लक्षात आला. रस्ता रिकामा, वीज गेलेली, पंखा थांबलेला. दूर कुठंतरी काहीतरी जड सरकत होतं. सरकून थांबायचं, आणि मग सगळं आवरून घेतल्यासारखं मागं जायचं. मला वाटलं लातूर रोडला गाड्यांची रांग असेल. शटरखालून वाकून बाहेर आलो. ऊन पांढरं पेटलेलं, कुत्रं नाल्यात आडवं झालेलं, आवाज नाही. आत आलो. आवाज आहे.

शेजारच्या कुल्फीवाल्याच्या फ्रीजला कान लावला. वीजच नव्हती, तो काय वाजणार! फळीला कान लावला. लाकूड गप्प होतं. शेवटी मागच्या दाराशी, वावराकडच्या फटीशी गेलो, तर दार छातीवर हलकं दाबलं जात होतं आणि सुटत होतं. दाबलं जात होतं, सुटत होतं.

हसीना रिकामा डबा न्यायला आली. मी काही बोललो नाही, मुद्दामच. ती पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "हे काय वाजून राहिलंय?"

"तुला काय वाटतं?"

"कोणतरी झोपल्यावानी. कोणतरी लई मोठं."

ती डबा घेऊन भराभरा गेली. मी फळीखाली बघितलं. फरशीवर तिच्याच आकाराचा ओला डाग पडला होता. आणि फळीच्या पोटाला, मी तेल पाजलेल्या लाकडावर, एक बारीक पांढरी नागमोडी रेघ उमटली होती. वाळल्यावर मीठ राहतं तशी.

४

फळी सबिहाला दिली तेव्हा ती नाचेल असं मला वाटलं होतं. ती नाचली नाही. दोन्ही हात फळीच्या कडेवरून फिरवले, खालचा पंख बोटानं चाचपला आणि एखादं मोठं माणूस विचारतं तसं विचारलं, "ही माझी हाय?"

"हाव. तुझीच."

तिनं ती ओसरीत ठेवली आणि वर चढली. गुडघे वाकवले, हात पसरले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. फोनमध्ये बघितलं असेल, हे मी मनाशी म्हणालो. पण ती नुसती उभी राहत नव्हती. ती वाट बघत होती. घरात तो आवाज यायचा नाही, घर दुकानापासून लांब. तरी ती मधेच झुकायची, तोल घ्यायची आणि सैल व्हायची.

"ही न्हाई," ती म्हणायची. थोड्या वेळानं परत, "ही बी न्हाई. मागची मोठी हाय."

दोन-तीन दिवस ती दुपारभर फळीवरच असायची. मग एकदा रुखसार दुकानात आली. डोक्यावरची ओढणी धरायचंही भान नव्हतं. तिनं कडेवरच्या सबिहाला बाकावर बसवलं आणि तिचे पाय माझ्यापुढं धरले.

"भाईजान, बघा."

तळपाय पांढरे पडले होते, सुरकुतले होते. बराच वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तसे. हातांची बोटंही.

"नळाला पाणी न्हाई," रुखसार म्हणाली. "टाकी कोरडी हाय. पिण्याचा एक हंडा, तो मी झाकून ठेवलाय. ही घराबाहेर गेली न्हाई. मग हे कशानं झालं?"

"घाम असल."

"घामानं असं होत असतं तर तुमचे हात कसे असते?"

सबिहा पाय हलवत मागच्या दाराकडं बघत होती. जरा वेळानं ती म्हणाली, "आता गप्प राहा. येतीय." आणि त्यानंतर, तिच्यानंतर, आवाज आला.

रुखसारनं तो पहिल्यांदाच ऐकला. तिनं पोरीला छातीशी धरलं.

मी अजहरला फोन लावला. रुखसारसमोर घाबरलेलं दिसायचं नव्हतं, म्हणून सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, मोठी लाट येणार हे कसं कळतं?"

"लाटा टोळीनं येतात भाई. पहिल्या लहान असतात, त्या जाऊ द्यायच्या. मागच्यांची वाट बघायची." मग तो थांबला. "तू कुठं हायस?"

"दुकानात."

"मस्करी करू नको. मागं पाणी वाजून राहिलंय."

"तुझ्याच मागं असल."

"मी खोलीत हाय, दार लावून. इथून समुद्र ऐकू येत न्हाई." बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. "भाई," तो शेवटी म्हणाला, आवाज अगदी बारीक करून, जसा मशिदीत करतो, "मी इतकी वर्षं पाण्यात हाय. दोन लाटांच्या मधे एवढी शांतता मी कधी ऐकली न्हाई. ही लई लांबून येतीय. आणि लई मोठी हाय. मी निघतो तिकडं."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिशन मागच्या दारानं आला. चहा दिला, तर कप हातातच धरून बसला.

"अकरमभाई, जरा वावरात येता का?"

"काय झालं?"

"या तर खरं."

वावर नांगरून तापायला टाकलं होतं. काळी ढेकळं, डोक्याएवढी. पलीकडच्या बांधावर बाभळींची रांग. आणि त्या बाभळींच्या अलीकडं पाणी चकाकत होतं.

मी हसलो. मला बरंच वाटलं. "रामकिशन, मृगजळ हाय ते. दर उन्हाळ्यात असतंय."

"मला शिकवता का? जन्म गेला माझा या रानात." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "मृगजळाकडं चाललं की ते मागं सरतं. चला माझ्यासंगं."

आम्ही चालायला लागलो. ढेकळांवरून पाय मुरगळत होते. चकाकी समोर होती. बरंच चाललो. ती होती तिथंच होती. आम्ही जवळ येत होतो. तिच्या कडेला पांढरे बगळे ओळीनं बसले होते, एक नाही, पन्नास असतील, सगळ्यांची तोंडं तिकडंच. माणसं जवळ आली तरी उडाले नाहीत.

"बैलं इथून पुढं येत न्हाईत," रामकिशन म्हणाला. "हात लावून बघा."

जमिनीला भेग होती, काळ्या रानाला उन्हाळ्यात पडते तशी, हात जाईल एवढी. मी हात घातला. आतून गार हवा येत होती. यायची, थांबायची, आत ओढली जायची.

आम्ही दोघंही आणखी पुढं गेलो नाही. परत येताना रामकिशननं एकदाच विचारलं, "कुणाला सांगायचं का हे?"

"काय सांगशील?"

त्यानं विचार केला. "न्हाई. खरंय."

भीती वाटत होती, हे खरं. पण दुकानात येऊन बसलो तेव्हा मला कळलं की मी मागचं दार उघडंच ठेवलंय, आणि ते लावायला माझा हात उठत नाही.

६

शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज पढून मी दुकानाकडं येत होतो, तर रुखसार रस्त्यावरून अनवाणी पळत येताना दिसली. त्या उन्हात, त्या डांबरावर.

"सबिहा तुमच्याकडं हाय ना?"

"न्हाई."

"फळी बी न्हाई घरात."

आम्ही दुकानातून आरपार मागच्या दाराशी गेलो. लाल फ्रॉक वावराच्या मध्यावर होता. डोक्यावर फळी धरून, ढेकळांवरून एकेक पाय टाकत सबिहा चकाकीकडं चालली होती. रुखसारनं हाक मारली. हाक दारातच पडली, पुढं गेली नाही.

मी पळत सुटलो. सुताराचे गुडघे असले कामाचे नसतात, दोनदा पडलो. मधेच एक चप्पल निघाली आणि तळपायाला ढेकूळ लागलं. गार होतं. भर दुपारी, गार आणि ओलसर.

तेवढ्यात आवाज थांबला. आठवडाभर जो कानामागं होता, तो पूर्ण थांबला. आणि पायाजवळची बारीक माती हलली. वारा नव्हता. माझ्या घोट्यांना घासून धूळ, पाचोळा, वाळकी काडी, सगळं जमिनीलगत सरकत पूर्वेकडं निघालं, घाईनं, कुणीतरी चादर ओढून घ्यावी तसं. बगळे एकदम उठले आणि आवाज न करता माझ्या डोक्यावरून गेले.

मी सबिहापर्यंत पोचलो. तिनं फळी खाली ठेवली होती आणि ती वर उभी होती. मी तिचं मनगट धरलं. बर्फासारखं होतं.

"बडे अब्बा, आता हलायचं न्हाई," ती म्हणाली. "सोडा."

मी वर बघितलं.

बाभळींची खोडं दिसेनाशी झाली होती. मग फांद्या. मग शेंडे. त्यांच्या जागी एक रेघ होती आणि ती रेघ वर चढत होती. कितीतरी वेळ चढत राहिली. ते पाणी होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. त्यातून ऊन येत होतं, पण हिरवं होऊन येत होतं. आणि माझ्या अंगावर, सबिहाच्या लाल फ्रॉकवर, सगळ्या वावरावर सावली पडली. अशी गार सावली आमच्या मुलखात कुठल्याच झाडाची नाही. आणि त्याच्या पोटात, खूप आत, काहीतरी सावकाश वळलं. ते वळून पूर्ण होईपर्यंत माझा श्वास पुरला नाही.

माझा हात उघडला. मी उघडला की तो उघडला गेला, हे मला अजून ठरवता येत नाही.

यानंतर मला एकच गोष्ट दिसली. मी केलेल्या फळीचं पोट. मी खालून बघत होतो. तो माशाचा पंख, ती गोल कड, नाकाचा उचललेला बाक, आणि त्यावरून ठिबकणारा उजेड. ती माझ्या डोक्यावर होती, आणि वर जात होती. तिच्या कडेवर चिमुकली पावलं होती, बोटं घट्ट रोवलेली.

मी गुडघ्यांवर आलो. कपाळ मातीला लागलं. तोंडात अल्लाहचं नाव होतं, आणि मी त्याच्याकडं काहीच मागत नव्हतो. एवढंच कळत होतं की याच्यापुढं मान वर ठेवता येत नाही.

७

डोकं वर केलं तेव्हा ऊन होतं. ढेकळं तापलेली, बाभळींची रांग जागच्या जागी, चकाकी कुठंच नाही. रुखसार किंचाळत पळत येत होती. पलीकडच्या बांधावर रामकिशन हात हलवत होता.

सबिहा त्याच्याजवळ एका बाभळीखाली बसली होती. चिंब भिजलेली. केसांतून, फ्रॉकमधून पाणी गळत होतं. काट्यांत बसूनही अंगावर ओरखडा नव्हता. ती हसत नव्हती, रडत नव्हती. थकलेल्या माणसासारखी शांत श्वास घेत होती.

"पोरीला वावटळीनं उचललं," रामकिशन रुखसारला म्हणाला. "लई मोठी वावटळ होती. मी बघितली." आणि माझ्याकडं बघितलं. त्याच्या मिशीवर पाण्याचे थेंब होते.

रुखसारनं दारातून फक्त धूळ उठलेली पाहिली होती. तिनं पोरीला हुंगलं, चाचपलं, पोटाशी धरलं. मग तिचा ओला फ्रॉक मुठीत पिळला आणि त्या मुठीकडं बघत राहिली.

"वावटळीत माणूस धुळीनं माखतं, भाऊ," ती म्हणाली. "हिच्या अंगावर धुळीचा कण न्हाई."

रामकिशननं नुसतं बोट वर केलं.

फळी बाभळीच्या शेंड्यात होती. दोन फांद्यांच्या बेचक्यात हलकेच ठेवल्यासारखी, नाक आकाशाकडं. माणसाच्या खांद्यावर माणूस, त्याच्या खांद्यावर आणखी एक उभा राहिला तरी हात पोचला नसता. खालच्या फांद्यांची पानंसुद्धा मोडलेली नव्हती.

"काढू का बांबूनं?" रामकिशननं विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो.

८

अजहर आला तो दोन बस बदलून, धुळीनं भरून. घरी त्यानं आधी पोरीला कडेवर घेतलं, मग तिचे पाय बघितले. रुखसार त्याच्याशी बराच वेळ बोलली. मला वाटलं तो माझ्यावर चिडेल. तो चिडला नाही. म्हणाला, "भाई, मला तिथं ने."

रुखसार म्हणाली, "पोरगी न्हाई जाणार."

"अम्मी, मी न्हाई गेले तर ती कधी येतीय हे अब्बांना कळणार न्हाई," सबिहा म्हणाली, आणि बापाचं बोट धरलं. रुखसारनं माझ्याकडं बघितलं, हसीनाकडं बघितलं. शेवटी ओढणी कमरेला खोचून तीही निघाली.

पुन्हा दुपार. वावर जसं असतं तसं होतं, काळं आणि भाजलेलं. आम्ही पलीकडच्या बांधावर गेलो. समुद्रावर राहणारा माणूस आहे तो. वाऱ्याची दिशा, जमिनीचा उतार, असलं काहीतरी बोलेल आणि माझ्या डोक्यातलं हे सगळं साधं होऊन जाईल, अशी मला आशा होती. मनातून तसं होऊ नये असंही वाटत होतं.

अजहर बाभळीखाली उभा राहिला. मान मागं टाकून शेंड्यातल्या फळीकडं त्यानं बघितलं. मग नजर सावकाश खाली आणत जमिनीपर्यंत आणली, आणि परत वर नेली. मी ओळखलं, तो मोजतोय. त्याचे ओठ हलले, पण आकडा बाहेर आला नाही.

"ती कुठून उठली होती?" त्यानं विचारलं.

मी पूर्वेकडं हात केला. तो तिकडं तोंड करून उभा राहिला. काहीही नव्हतं तिथं. वावरं, विजेचे खांब, आणि त्यांच्यावर थरथरणारं ऊन. बराच वेळ तो कान देऊन ऐकत होता.

मग माझा भाऊ खाली वाकला. त्यानं चपला काढून बांधावर नीट जोडीनं ठेवल्या आणि पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत वर दुमडले.

रुखसारनं त्याच्याकडं बघितलं. तिनंही चपला काढल्या. मीही काढल्या.

सबिहा आमच्यापुढं उभी होती. तिनं मान जराशी तिरकी केली आणि मागं वळून, लहान मुलांना समजवावं तसं, आम्हाला म्हणाली, "अजून लांब हाय. बसा."

आम्ही बसलो.